दात, घसा आणि भुलीची नळी: ऑपरेशन ठरल्यापासून घरी येईपर्यंत काय काय पाहायचं

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात चर्चा होते ती सर्जनची, खर्चाची आणि रजेची. पूर्ण भूल दिल्यावर श्वास चालू ठेवायला घशातून एक नळी घालावी लागते आणि ती घालताना किंवा काढताना दात, ओठ, घसा, स्वरयंत्र यांना इजा होऊ शकते, हे बऱ्याच जणांना संमतीपत्रावर सही करताना पहिल्यांदा ऐकायला मिळतं. तेव्हा घाई असते, वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन उभा असतो, आणि "करा सही" एवढ्यावर विषय संपतो.

भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना माझं मत पक्कं होत गेलंय. यातल्या बऱ्याचशा इजा थिएटरच्या दाराबाहेरच टाळता येतात आणि त्यासाठी लागणारी माहिती रुग्णाच्या तोंडातच असते, दोन्ही अर्थांनी. ज्या टळत नाहीत त्या वेळेत ओळखल्या तर बहुतेक दुरुस्त होतात. म्हणून हा लेख रुग्णासाठी आणि त्याच्यासोबत हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या नातेवाइकासाठी आहे.

नळी जाते कशी आणि दात मध्ये येतो कसा

आधी दोन-तीन मिनिटं मास्कमधून ऑक्सिजन देतात. मग शिरेतून झोपेचं औषध आणि पाठोपाठ स्नायू सैल करणारं औषध. जबडा ढिला पडला की भूलतज्ज्ञ डाव्या हातात लॅरिंगोस्कोप घेतो. आम्ही नुसता स्कोप म्हणतो: एक मूठ आणि तिला काटकोनात जोडलेलं, दिवा लावलेलं पातं. आज सगळीकडे दिसणारं वाकडं पातं रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी 1943 साली ऑक्सफर्डमध्ये पुढे आणलं, आणि तालुक्याच्या छोट्या नर्सिंग होमपासून मेडिकल कॉलेजपर्यंत रोज तेच वापरात आहे.

पातं तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत जातं, जिभेला डावीकडे सारतं आणि जिभेच्या मुळाशी जाऊन टेकतं. तिथून सगळा स्कोप मुठीच्या दिशेने वर आणि पुढे उचलायचा असतो. स्वरयंत्रावरचं झाकण बाजूला होतं, दोन पांढऱ्या स्वरतंतूंमधली काळी फट दिसते आणि उजव्या हाताने नळी त्या फटीतून आत सरकवायची. हे सगळं जमून आलं तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि पातं वरच्या दातांना शिवतही नाही.

पण तोंड नीट उघडत नसेल, मान मागे जात नसेल किंवा वरचे दात पुढे आलेले असतील तर स्वरतंतू सहज दिसत नाहीत. मग दिसावं म्हणून मनगट मागे वळतं, पात्याची मागची कड वरच्या पटाशीच्या दातांवर टेकते, आणि दाताचा टेकू करून पातं पहारीसारखं चालायला लागतं. स्कोप डाव्या हातात आणि पात्याचा दांडा तोंडाच्या डाव्या अंगाला, म्हणून मार बहुधा वरच्या डाव्या पटाशीच्या दातावर येतो.

असं किती वेळा होतं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने दहा वर्षांच्या, सुमारे 6 लाख रुग्णांच्या नोंदी तपासून 1999 साली आकडा दिला: दाताला दुरुस्ती लागावी किंवा तो काढावा लागावा अशी इजा साधारण 4,500 मागे एकाला. टवका उडणं, दात थोडा हलणं असं किरकोळ धरलं तर प्रमाण यापेक्षा जास्त भरतं. धोका कुणाला जास्त, तर ज्यांचे दात आधीच खराब आहेत आणि ज्यांच्यात नळी घालणं अवघड आहे त्यांना. या दोन्ही गोष्टी ऑपरेशनच्या आधी कळू शकतात. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तारीख ठरली की पहिलं काम: आरशासमोर पाच मिनिटं

ऑपरेशन तातडीचं नसेल तर हे दोन-तीन आठवडे आधी करा, म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडे जायला वेळ मिळतो. उजेडात उभं राहून तोंड उघडा. स्वच्छ बोटाने पुढचा प्रत्येक दात, वरचा आणि खालचा, पुढे-मागे हलवून पाहा. हललेला, टवका उडालेला, किडून पोकळ झालेला, रूट कॅनाल केलेला, कॅप बसवलेला असा जो असेल तो लिहून ठेवा. ब्रिज, इम्प्लांट, पुढच्या दातांवर चिकटवलेले व्हीनिअर, दात सरळ करायच्या तारा, आणि अर्थात कवळी. रूट कॅनाल झालेला दात बाहेरून धडधाकट दिसतो पण ठिसूळ झालेला असतो. व्हीनिअर आणि पुढच्या दातांच्या कॅप दाबाने निघतात किंवा तडकतात. ही यादी मोबाइलमध्ये ठेवा आणि दातांचे दोन-तीन स्पष्ट फोटोही काढून ठेवा. नंतर काही झालंच तर "हे आधीपासून होतं की आत्ता झालं" हा वाद फोटोने मिटतो. हा फोटो तुमच्याइतकाच डॉक्टरांच्याही कामाचा असतो.

आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम पाहावी लागते, ती म्हणजे मिश्री. गावाकडच्या आणि शहरातल्याही कितीतरी बायका वर्षानुवर्षं सकाळी मिश्री लावतात. त्या भाजलेल्या तंबाखूने हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात, आणि दात दुखत नसल्यामुळे कुणाला काही वाटत नाही. तपासणीच्या खोलीत हा संवाद मी अनेकदा ऐकलाय:

"आजी, एखादा दात हलतो का?"

"नाय रे बाबा, सगळे घट्ट हायेत."

बोट लावलं की खालचे दोन दात हिरडीत डुलतात.

"मग हे काय?"

"ते व्हय! ते लई वरसं झाली हलत्यात. त्यांचं काय नाय."

आजी खोटं बोलत नाहीत. ज्याची सवय झाली ते त्यांच्या लेखी दुखणंच नाही. म्हणून वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मुलाने-सुनेने स्वतः बोट लावून पाहावं.

दात खूपच हलत असेल तर तो आधी काढून टाकलेला बरा. भुलीत सुटून श्वासनलिकेत गेलेला दात दुर्बिणीने शोधून काढावा लागतो, आणि त्यापेक्षा दाताच्या खुर्चीत दहा मिनिटं बसणं कितीतरी सोपं. कमी हलत असेल तर दंतवैद्य तो शेजारच्या दातांना बांधून आधार देऊ शकतात. कॅप सैल असेल तर पुन्हा पक्की करून घ्या. दातांवर बसवायचं रबरी संरक्षक आवरणही मिळतं. पण त्याने तोंडातली जागा कमी होते, त्यामुळे ते वापरायचं की नाही हे भूलतज्ज्ञावर सोडा.

मुलांचं वेगळं. सहा-सात वर्षांच्या पोराचे पुढचे दुधाचे दात हलतच असतात. कोणता दात हलतोय हे आईला नेमकं माहीत असतं. ते न विचारताच सांगावं. फारच सैल असेल तर भूल दिल्यावर नळी घालण्याआधी तो काढून टाकतात, आणि त्याची कल्पना तुम्हाला आधी दिलेली असावी. मुलाला सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. अशा मुलांचा घसा भुलीत आवळून बंद होण्याची शक्यता वाढते, आणि ऑपरेशन टाळता येण्यासारखं असेल तर साधारण दोन आठवडे तरी थांबणं शहाणपणाचं असतं.

तीन बोटं, मान आणि नमस्कार

आता नळी घालणं अवघड जाईल का, याचा अंदाज. पूर्ण निदान भूलतज्ज्ञच करणार, पण घरी तीन गोष्टी पाहता येतात.

आपलीच मधली तीन बोटं जोडून, उभी करून, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घाला. तीन बोटं मावली तर ठीक. दोनच मावत असतील तर हे तपासणीत सर्वात आधी सांगायचं. महाराष्ट्रात याचं सर्वात मोठं कारण सुपारी आहे. गुटखा, विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, नुसती सुपारीसुद्धा, यांनी गालाच्या आतली त्वचा पांढरी, कडक, दोरीसारखी होत जाते आणि तोंड वर्षागणिक कमी उघडायला लागतं. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण या तक्रारीचे रुग्ण, त्यातले कितीतरी विशी-तिशीतले, आजही तपासणीला येतात. तिखट खाल्लं की आग होते, पाणीपुरीची पुरी अख्खी तोंडात जात नाही, ही त्याची घरगुती लक्षणं. भूल दिली, स्नायू सैल झाले, तरी हे तोंड उघडत नाही, कारण अडचण स्नायूंची नसून ताठरलेल्या पेशींची असते. भूलतज्ज्ञाला हे आधी माहीत असेल तर तो रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून, नाकातून बारीक लवचीक दुर्बिणीने नळी घालतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण नीट बधिर केलं तर रुग्ण शांतपणे सहन करतो. हेच भूल दिल्यावर अचानक लक्षात आलं तर जिवाशी खेळ होतो. खर्रा खाता हे सांगायला संकोच वाटत असेल तर तो घरी ठेवून या. तुम्हाला बोल लावायला आम्ही हा प्रश्न विचारत नाही.

दुसरं, मान. हनुवटी छातीला लागते का आणि मान मागे टाकून छत दिसतं का? मानेचा स्पॉन्डिलायटिस, संधिवात, भाजल्यामुळे आखडलेली मान, मोठं थायरॉईड, हे सगळं सांगण्याजोगं आहे.

तिसरी खूण फार साधी आहे आणि ती बहुतेक रुग्णांना माहीत नसते. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांनी नमस्कार करून पाहावा. दोन्ही हातांची बोटं पूर्ण चिकटत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर सांधे ताठरलेत असा अर्थ. तीच ताठरता मानेच्या सांध्यांत असू शकते आणि मग नळी घालणं जड जातं.

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, वाढलेलं वजन, गरोदरपण हेही यादीत येतं. दाढीखाली लपलेली आखूड हनुवटीसुद्धा.

तपासणीच्या खोलीत

भूलपूर्व तपासणीला बरेच जण "फिटनेस घ्यायचा" म्हणतात आणि ईसीजीचा कागद पुढे करतात. खरं तर त्या भेटीत भूलतज्ज्ञ तुम्हाला तोंड उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगतो तो क्षण महत्त्वाचा. पडजीभ आणि मागचा घसा किती दिसतो यावरून वर्ग ठरवतात. ही पद्धत शेषगिरी राव मल्लमपती या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञांनी बोस्टनमध्ये काम करताना 1985 साली मांडली, आणि आज जगभर त्यांच्या नावानेच ओळखली जाते. एकट्या तिच्यावर विसंबून चालत नाही, म्हणून तीन बोटं, हनुवटी ते कंठमण्याचं अंतर, खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो का, हेही पाहतात.

या भेटीत तुमच्याकडून जायला हवं ते असं: दातांची यादी आणि फोटो. आधी कधी भूल घेतली असेल तर तेव्हा काही त्रास झाला होता का, कुणी "नळी घालायला अवघड गेलं" म्हणालं होतं का, नंतर आवाज किती दिवस बसला होता. जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर आणा. आवाजावर पोट असेल, म्हणजे तुम्ही शिक्षक, कीर्तनकार, गायक, वकील असाल, तर तेही सांगा; भूलतज्ज्ञ शक्य तिथे नळीऐवजी दुसरा मार्ग निवडू शकतो किंवा बारीक नळी वापरू शकतो. पित्त वर येण्याचा त्रास, मधुमेह, आणि वजन किंवा साखर कमी करायला आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर ते नक्की सांगा, कारण त्याने पोट हळू रिकामं होतं.

आणि तुम्ही विचारायचे प्रश्न दोनच. "मला नळी घालावी लागेल का, की कमरेतून भूल चालेल?" आणि "माझ्या तोंडाकडे पाहून तुम्हाला काही अडचण वाटते का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "थोडी वाटते" असं आलं तर घाबरू नका. ज्याला अडचण आधी दिसते त्याने तयारीही केलेली असते.

आदल्या रात्रीपासून थिएटरच्या दारापर्यंत

उपाशी राहण्याचा नियम पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून आहे. ब्रिटनमध्ये भुलीतल्या श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशभर पाहणी झाली आणि तिचा अहवाल 2011 साली आला. गंभीर दुर्घटना सुमारे 22,000 भुलींमागे एक, म्हणजे दुर्मीळ. पण भुलीत झालेल्या मृत्यूंमध्ये सर्वात वरचं कारण पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाणं हेच होतं.

हलकं जेवण सहा तास आधी, तळलेलं किंवा मटण-बिर्याणी असं जड आठ तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तान्ह्या बाळाला आईचं दूध चार तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे सर्वात जास्त घोळ चहात होतो. "काही खाल्लं नाही, फक्त कपभर चहा घेतला" असं सकाळी सात वाजता ऐकलं की आठचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, कारण दुधाचा चहा सहा तासांच्या नियमात येतो. तंबाखूची चिमूट, सुपारी, च्युइंगम हेही त्या सकाळी नको. सिगारेट जितकी आधी सोडाल तितकं बरं. चार-सहा आठवडे मिळाले तर फुप्फुसांना खरा फायदा होतो.

कवळी, निघणारे दात, जिभेतली किंवा ओठातली रिंग काढून नाव लिहिलेल्या डबीत नातेवाइकाकडे द्या. एकाच दाताची छोटी कवळी लोक सर्वात जास्त विसरतात आणि तीच सर्वात धोक्याची. बहुतेक कवळ्या ॲक्रिलिकच्या असतात. ती घशात गेली तर साध्या एक्स-रेत दिसत नाही.

आत काय चालतं

इथे रुग्णाच्या हातात काही नसतं, पण आत काय होतं हे नातेवाइकाला ठाऊक असलं की नंतर कुणी काही सांगितलं तर ते समजतं.

नळी श्वासनलिकेत गेली की शेजारच्या अन्ननलिकेत, हे ओळखण्याची भरवशाची खूण म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. तो मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे कॅप्नोग्राफच्या, पडद्यावर प्रत्येक श्वासाला एक चौकोनी लाट उमटते आणि उमटत राहते. लाट नसेल तर दुसरं सिद्ध होईपर्यंत नळी चुकीच्या जागी आहे असंच धरायचं. छातीला स्टेथोस्कोप लावून आवाज आला, नळीवर वाफ दिसली, यावर विसंबल्याने माणसं गेली आहेत. ऑपरेशन कुठे करायचं हे ठरवायला वाव असेल तर "थिएटरमध्ये कॅप्नोग्राफ आहे ना?" हा प्रश्न बिनदिक्कत विचारा.

नळी जास्त आत गेली तर बहुधा उजव्या फुप्फुसाच्या नळीत शिरते, कारण ती जास्त रुंद आणि सरळ आहे. मग डावं फुप्फुस हवेविना राहतं. म्हणून नळीवरचा आकडा दातांपाशी पाहून नोंदवतात, बायकांत साधारण 20 ते 21 सेंटिमीटर, पुरुषांत 22 ते 23. नळीच्या टोकाजवळ एक फुगा असतो. त्यातला दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका असावा. त्याहून जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा अडतो. फुगा बोटाने चाचपून अंदाज बांधण्यापेक्षा दाब मोजायचं छोटं यंत्र वापरलेलं केव्हाही चांगलं.

पहिल्या प्रयत्नात नळी गेली नाही तर पुन्हापुन्हा तेच करत राहणं हे सूज, रक्तस्राव आणि दात मोडण्याचं मोठं कारण. भारतातल्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या 2016 च्या सूचनांनुसार स्कोपने जास्तीत जास्त तीन प्रयत्न करायचे, दोन प्रयत्नांच्या मध्ये मास्कने ऑक्सिजन द्यायचा, आणि मग मार्ग बदलायचा. कॅमेरा लावलेला व्हिडिओ स्कोप आता बऱ्याच ठिकाणी आलाय आणि त्याने अवघड घसे सोपे झालेत. दातांचा धोका त्यानेही पूर्ण जात नाही, आणि नजर पडद्यावर असताना नळीचं टोक टाळूला किंवा टॉन्सिलजवळ टोचू शकतं.

दात नळी काढतानाही मोडतात. भूल उतरत असते, रुग्ण अर्धवट जागा होऊन नळी करकचून चावतो. जीभ मागे पडू नये म्हणून ठेवलेला कडक प्लास्टिकचा वाकडा तुकडा, म्हणजे एअरवे, तोंडात मधोमध असेल तर सगळा जोर पटाशीच्या दातांवर येतो. दाढांच्या मध्ये गॉजची घट्ट गुंडाळी ठेवली तर जोर दाढा घेतात. चावून नळी बंद झाली आणि रुग्णाने ताकदीने श्वास ओढला तर फुप्फुसांत पाणी साठू शकतं. हे तरुण, पिळदार माणसांत जास्त दिसतं. ऑक्सिजन आणि दाबाचा श्वास देऊन बहुतेक जण दिवसभरात बरे होतात.

शुद्धीवर आल्यावर पहिल्या तासात

रुग्ण बोलायला लागला की पाणी द्यायच्या आधी नातेवाइकाने एकदा मोबाइलच्या उजेडात ओठ आणि पुढचे दात पाहावेत. ओठाला चिरा किंवा सूज असेल तर ती दोन-तीन दिवसांत जाते. साधं व्हॅसलीन पुरतं. श्वास आत घेताना घुर्रऽ किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, मानेचे आणि छातीचे खळगे आत ओढले जात असतील, तर ती स्वरयंत्राची सूज किंवा आकडी (स्वरयंत्र आवळून बंद होणं) असू शकते. सिस्टरला लगेच हाक मारा, वाट पाहू नका. लहान मुलांचा श्वासमार्ग अरुंद असल्याने थोड्या सुजेनेही त्यांना भुंकल्यासारखा खोकला येतो. वाफेतून ॲड्रेनलिन आणि डेक्सामेथासोन दिलं की उतार पडतो, पण मुलाला काही तास नजरेखाली ठेवावं लागतं.

दात मोडला किंवा निघाला असेल तर

पहिला प्रश्न: निघालेला दात किंवा तुकडा आहे कुठे? तो हातात असेल तर निम्मी काळजी मिटली. सापडत नसेल तर छातीचा, मानेचा आणि पोटाचा एक्स-रे झालाच पाहिजे. पोटात गेला तर बहुधा आपोआप पडून जातो. श्वासमार्गात असेल तर दुर्बिणीने काढायलाच हवा, नाहीतर पुढे न्यूमोनिया होतो.

अख्खा पक्का दात मुळासकट निघाला असेल तर वेळ महत्त्वाची. दात पांढऱ्या बाजूने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. सलाइनने नुसता धुऊन, जमलं तर भुलीत असतानाच, परत त्याच्या जागी बसवायचा. नसेल जमत तर थंड दुधात किंवा सलाइनमध्ये ठेवून दंतवैद्याला बोलवायचं. अर्ध्या-एक तासात बसवला तर जगण्याची शक्यता चांगली असते. नंतर तो शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. कोरड्या गॉजमध्ये किंवा खिशात ठेवलेला दात वाया जातो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला त्याने इजा होते.

टवका उडाला असेल आणि दुखत नसेल तर घाई नाही. मधला गुलाबी भाग दिसत असेल किंवा थंड लागून कळ येत असेल तर एक-दोन दिवसांत दंतवैद्याकडे जा.

डॉक्टरांनी काय झालं ते स्वतःहून सांगावं आणि केसपेपरवर लिहावं, ही अपेक्षा रास्त आहे. दात मोडला म्हणजे हलगर्जी झालीच असं नाही. आधीच किडलेला दात अवघड घशात पुरेशी काळजी घेऊनही मोडतो. पण धडधाकट दात मोडला, नोंद नाही, कुणी बोलत नाही, अशी वेळ आली तर आवाज न चढवता केसपेपरची प्रत लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार ती 72 तासांत द्यावी लागते. दाताच्या खर्चाचं बोलणंही डिस्चार्जच्या आधी, शांतपणे, कागदावर करावं.

घसा आणि आवाज

नळीनंतर घसा दुखणं सर्रास आहे, साधारण तिघांत एकाला, काही अभ्यासांत त्याहून जास्त जणांना. दोन-तीन दिवसांत ते जातं. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, पॅरासिटामॉल एवढं बस आहे. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉक्टरांनी भुलीच्या काही मिनिटं आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या करायला देऊन पाहिलं आणि घसादुखी कमी झाल्याचं 2009 साली प्रसिद्ध केलं. आपल्या आजीच्या बटव्यातलं औषध अशा काटेकोर चाचणीत उतरलं याचा मला आनंद आहे. मात्र उपाशी असताना हे आपल्या मनाने करू नका, भूलतज्ज्ञाला विचारून करा.

आवाज बसला तर कमी बोला आणि कुजबुजू नका. कुजबुजण्याने स्वरतंतूंवर उलट ताण येतो. दोन आठवड्यांत आवाज परत आला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्या. स्वरतंतूची हालचाल मंदावणं, स्वरयंत्राचा छोटा सांधा सरकणं, गाठ येणं, ही कारणं निघू शकतात आणि सरकलेल्या सांध्याचे उपचार लवकर केले तरच चांगले लागू पडतात. पाणी पिताना सारखा ठसका लागत असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

आणि हे एक पाठच करून ठेवा: ऑपरेशननंतर मान सुजली, त्वचा दाबल्यावर आत कुरकुर लागली, ताप चढला, गिळताना मानेत, छातीत किंवा पाठीत तीव्र कळ आली, तर घशाला किंवा अन्ननलिकेला छिद्र पडलेलं असू शकतं. फार दुर्मीळ आहे, पण छातीत पू पसरला तर जिवावर बेततं. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, आणि नळी घातली होती हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

आयसीयूत बरेच दिवस नळी असेल तर

ऑपरेशनपुरती नळी काही तासांची असते. व्हेंटिलेटरवर आठवडा-दोन आठवडे काढलेल्यांचा धोका वेगळा. फुग्याच्या जागी श्वासनलिकेच्या अस्तराला जखम होते, ती भरताना आवळते, आणि घरी गेल्यावर काही आठवड्यांनी जिना चढताना दम लागायला लागतो. कोविडच्या लाटांनंतर असे रुग्ण बरेच दिसले. गडबड अशी होते की छातीत आवाज येतो म्हणून दमा समजून पंप सुरू करतात, आणि पंपाने फरक पडत नाही. आधी कधी दमा नव्हता, व्हेंटिलेटरवर राहून आलाय, पंप लागू पडत नाही, आवाज मुख्यतः श्वास आत घेताना येतो, ही चौकडी जुळली तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा: "श्वासनलिका अरुंद झाली असेल का?" सीटी स्कॅन आणि दुर्बिणीने निदान होतं, फुग्याने रुंद करणं किंवा अरुंद भाग कापून जोडणं असे उपचार आहेत. पण निदान उशिरा झालं तर रुग्ण श्वास पूर्ण अडकूनच येतो.

डिस्चार्जच्या दिवशी मागून घ्यायचा कागद

नळी घालताना अडचण आली असेल तर भूलतज्ज्ञाकडून ती लिहून घ्या: मास्कने श्वास देणं सोपं होतं की नाही, स्कोपने किती प्रयत्न झाले, शेवटी कोणत्या साधनाने आणि कोणत्या मापाच्या नळीने काम झालं, दाताला काय झालं. चार ओळी पुरतात. त्या कागदाचा फोटो आधार कार्डासारखा मोबाइलमध्ये ठेवा आणि नवरा-बायको, मुलं अशा दोन माणसांना पाठवून ठेवा, कारण पुढच्या वेळी अपघातात बेशुद्ध असाल तर तो त्यांनाच दाखवावा लागेल. सर्जन बदलला, हॉस्पिटल बदललं, वीस वर्षं गेली, तरी घसा तोच असतो. नव्या भूलतज्ज्ञाच्या हातात हा कागद पडला की तो योग्य साधन टेबलावर मांडूनच सुरुवात करतो.